सारंगीला चौथी सीट देऊ नकोस

या वेळचं पत्र पार्ल्याहून आलंय. लांबलचक आहे म्हणून कापून-छाटून देते:

"ताई, मी ३१ वर्षांची. दिवसा जाहिरातींचं बॅकग्राउंड म्युझिक करते, त्यावर घर चालतं. आठव्या वर्षापासून ख्याल शिकले, नंतर पियानो आणि हार्मनी. येत्या मार्चमध्ये सव्वाशे खुर्च्यांच्या एका हॉलमध्ये माझा १८ मिनिटांचा पीस होणार आहे. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो (हे चौघं म्हणजे क्वार्टेट), पियानो, सारंगी आणि पखवाज. विषय नवगुंजर. नऊ प्राण्यांचे नऊ भाग, प्रत्येकी दोन मिनिटं, प्रत्येकाला वेगळा राग. परवा माटुंग्याला पहिली रिहर्सल झाली आणि सगळं फिसकटलं. सारंगीवाले काका तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले तोवर क्वार्टेट थांबून बो खाली ठेवून मोकळं. काका म्हणाले, तुमची माणसं सम यायच्या आधीच घरी जातात. व्हायोलावाली म्हणाली, स्कोअरमध्ये (नोटेशनमध्ये) लिहिलंय तेच वाजवलं. शेवटी मी फोनवर गाऊन रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवलं तेव्हा कुठे जरा जमलं. गुरुजी म्हणतात ही खिचडी आहे, व्हायोलावाली म्हणते भेळ आहे. त्यात ऑफिसातली एक ओडिया मैत्रीण म्हणाली, हा आमचा प्राणी, तुला कशाला हवा? सोडून देऊ का हे सगळं?"

अगं, सोडून बिडून काही देऊ नकोस. हे पहिल्यांदाच सांगून टाकते म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. नऊ भाग मात्र सोड. आणि पियानो पण सोड, त्याचं कारण येतंच पुढे.

आधी बाकीच्या वाचकांसाठी चार ओळी, नाहीतर त्यांना वाटेल नवगुंजर म्हणजे एखादा ताल. ओडिशात पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडियात महाभारत सांगितलं, त्यातला हा प्राणी. अर्जुन डोंगरावर तप करत असतो आणि समोर हे येऊन उभं राहतं: डोकं कोंबड्याचं, मान मोराची, पाठीवर बैलाचं वशिंड, कंबर सिंहाची, शेपटीच्या जागी साप. पाय तीन, एक हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा (कुणी घोड्याचा काढतात). आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात, वर उचललेला, त्यात कमळ किंवा चक्र. अर्जुन घाबरून धनुष्य उचलतो, मग त्याच्या लक्षात येतं की हा तर साक्षात कृष्ण, आणि तो हात जोडतो. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या शिखरावर जे नीलचक्र आहे ना, त्याच्या कडेवर असे आठ नवगुंजर आहेत. ओडिशातल्या गंजिफाच्या, म्हणजे रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, पानांवर पण हा असतो, नवगुंजर राजा आणि अर्जुन त्याचा वजीर. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा होतात त्याच्याच जातकुळीतला खेळ.

आता बघ हं. एवढे नऊ तुकडे डोळ्यासमोर असताना अर्जुनाने मोजदाद केली नाही. "हा कोंबडा, हा मोर, हा बैल" असं करत बसला असता तर बाण सुटला असता. तू नेमकं तेच करत बसलीयेस, कोंबड्याला दोन मिनिटं, मोराला दोन मिनिटं. प्राणी एकेक करून बाहेर काढायचे तर ते काम सें-सां नावाच्या फ्रेंच माणसाने १८८६ सालीच करून ठेवलंय, चौदा तुकड्यांत, आणि त्याला स्वतःलाच त्याची इतकी लाज वाटली की हंसाचा तेवढा तुकडा सोडून बाकीचं जिवंतपणी छापू दिलं नाही. तुझ्या नवगुंजराची गंमत प्राण्यांत नाहीये गं, सांध्यांत आहे. मोराची मान जिथे बैलाच्या पाठीला चिकटते ती जागा चित्रकार कशी काढतो ते बघ. पट्टचित्रात, म्हणजे ओडिशाच्या पारंपरिक कापडी चित्रात, तिथे गळ्यातला हार वगैरे येतो आणि मान कधी संपली ते कळतच नाही. तुला संगीतात तो हार शोधायचाय.

मी २८ वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोला वाजवला, त्यामुळे भेळ म्हटलं की काय वाटतं ते मला माहीत आहे. (भेळेची बाजू घेऊन मी इथे कविता करणार नाही, घाबरू नकोस.) ९८ साली दादरला मी पण असाच प्रताप केला होता. एक सतार आणि आम्ही चौघं. मला वाटायचं काय भारी आयडिया आहे. झालं काय, तर सतार आलाप करणार, मग ती थांबणार, मग आम्ही कॉर्ड वाजवणार, मग आम्ही थांबणार, मग पुन्हा सतार. आधी तू, मग मी. वीस मिनिटं. टाळ्या पडल्या, पडतातच, घरचेच लोक. नंतर दादर स्टेशनवर आमचा सतारवाला म्हणाला, मला पूर्ण वेळ चौथ्या सीटवर बसल्यासारखं वाटलं. लोकल माहीत असणाऱ्याला यापुढे काही समजवावं लागत नाही. तिघं मस्त टेकून बसलेत, चौथा अर्ध्या मांडीवर टेकलाय, पाय पॅसेजमध्ये, आणि वर तिघांना वाटतंय की आपण केवढी जागा दिली. पत्रासोबतचा तुझा स्कोअर मी दोनदा वाचला. तुझी सारंगी चौथ्या सीटवर आहे. क्वार्टेटचं सगळं ठरलंय, ते टेकून बसलेत, आणि काकांना १२ बार (नोटेशनचे खण) मोकळे सोडलेत, "इथे काकांनी भरावं".

मग करायचं काय? मी एक वाट सांगते, पटली तर घे.

भूप घे. हो, भूपच, इतका साधा. सा रे ग प ध. वेस्टर्नमधल्या डीला सा धर. व्हायोलिनच्या मोकळ्या तारांत डी, ए आणि ई म्हणजे सा, प आणि रे मिळतात, तिन्ही भूपातले, व्हायोला आणि चेलोकडे पण डी आणि ए मोकळे आहेतच. आता हे पाच स्वर तसेच ठेव, एकही बदलू नकोस, फक्त चेलोने खालचा आधार हलवायचा. चेलो ग वर जाऊन बसला आणि तिथेच ठाण मांडलं की ऐकणाऱ्याचा सा सरकतो आणि तेच पाच स्वर मालकंसाचे होतात. प वर बसला की दुर्गा. ध वर बसला की धानी. रे वर बसला की मधमाद सारंग. यालाच मूर्च्छना म्हणतात, तू शिकलीच असशील, क्लासमध्ये गुरुजी गंमत म्हणून करून दाखवतात तीच. पण क्वार्टेटच्या दृष्टीने बघ, त्यांना यात वेगळं काही वाटणारच नाही, त्यांच्यासाठी फक्त बेस बदलला, हे ते रोज करतात. आणि काकांच्या दृष्टीने आख्खा प्राणी बदलला. एकाच हालचालीचे दोघांच्या कानात दोन अर्थ, आणि दोन्ही खरे. हाच तुझा सांधा.

यात आणखी एक फायदा आहे जो तुझ्या नऊ रागांत तुला कधीच मिळणार नव्हता. सारंगीला त्या तीन मुख्य तारांखाली तीसेक, कधी त्याहून जास्त, तरफा असतात, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, आणि त्या रागाप्रमाणे लावाव्या लागतात. तुझ्या प्लॅनमध्ये दर दोन मिनिटांनी राग बदलतोय. तरफा लावायला काका मधे कुठे थांबणार? हॉल सोडून जातील लोक. भूपाच्या मूर्च्छनेत स्वर तेच असल्यामुळे तरफा एकदा लावल्या की शेवटपर्यंत चालतात. आणि आता ही आवडती जागा सांगते माझी: चेलोला सारंगीच्या अगदी शेजारी बसव. चेलोने बो खेचून एक मोठा प वाजवायचा आणि झटकन थांबायचं, काकांनी गज उचलायचा पण नाही. तरफा आपोआप गुणगुणतात. पहिल्या दोन-तीन रांगांनाच ऐकू येईल, पण सव्वाशे खुर्च्यांत तेवढं पुरतं, उरलेले त्यांचे चेहरे बघून कान टवकारतील. मला विचारशील तर तुझा पीस इथूनच सुरू होतो. अजून कुणी काही वाजवलंच नाहीये आणि मान पाठीला चिकटली पण.

आता गुरुजींचं. खिचडी म्हणाले त्यात त्यांचं एक खरं आहे. नुसते स्वर जुळले म्हणजे राग झाला असं होत नाही, चलन लागतं, म्हणजे स्वरांनी चालायची रागाची ठरलेली वाट, मालकंस म्हणजे काही पाच पट्ट्या नाहीत. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत "राग मालकंस, राग दुर्गा" असं छापू नकोस, मूर्च्छना म्हण आणि गप्प बस. आणि एक खरी अडचण आहे ती आधीच सांगून ठेवते, नाहीतर रिहर्सलमध्ये पुन्हा ठिणगी पडेल. रे ला सा केलंस की ध हा त्याचा प होतो. भूपाचा ध जिथे गोड लागतो तिथे तो या नव्या सा चा प म्हणून किंचित उतरलेला लागणार, काकांच्या कपाळाला आठी पडणारच. तो मुक्काम अगदी छोटा ठेव किंवा तिथे काकांना विश्रांती दे आणि क्वार्टेटला त्यांच्या पद्धतीने लावू दे.

पियानो काढ म्हटलं ते याचसाठी. पियानोचा तिसरा स्वर आपल्या शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, ऐकायला नगण्य वाटतं पण लांब धरून ठेवलेल्या गंधारावर सारंगी आणि पियानो एकत्र आले की दाताखाली वाळू आल्यासारखं होतं. व्हायोलिनवाले बोट सरकवू शकतात, पियानो बिचारा कुठे सरकणार? तुला वाजवायचा मोह आहे हे कळतंय. आवर.

तालाचं बघू. तुझ्या डोक्यात नऊ आहेत ते तालात जाऊ देत, भागांत नको. पाय तीन आहेत ना? हत्तीचं पाऊल ४ मात्रांचं, वाघाचं ३, हरणाचं २. झाले ९. असा प्राणी चालेल कसा याचा विचार कर, लंगडत नाही चालणार, त्याची ती चालच आहे. आणि हात तर जमिनीला टेकतच नाही. पखवाजवाले दादा ९ मात्रांचा मत्तताल जाणतातच, पण त्याचे विभाग ते कसे धरतात ते त्यांच्या तोंडून पढंत करून, म्हणजे बोल म्हणवून, घे आणि तुझी ४-३-२ ची चाल त्यावर आडवी टाक, दोन्ही एकमेकांना घासत समेला भेटतील. क्वार्टेटला मात्र तालाची खूण म्हणून ९ चा आकडा आणि खाली ८ असं लिहून देऊ नकोस. त्यांच्या हातात ते पडलं की ते ३-३-३ असं झुलायला लागतील, तो त्यांचा लहानपणापासूनचा संस्कार आहे, त्यांची चूक नाही. खाली ४ लिही आणि बारच्या आत तुटक रेघा मारून ४, ३, २ दाखव.

आता माटुंग्याचं भांडण. सॉरी, पण ही चूक तुझी आहे, काकांची नाही आणि त्या व्हायोलावालीची तर अजिबातच नाही. तू स्कोअरमध्ये नवव्या मात्रेनंतर जाड दुहेरी रेघ ओढलीस. पाश्चात्त्य वाजवणाऱ्याला त्या रेघेचा अर्थ कळतो: संपलं, बो खाली. आणि तिहाई संपते कुठे? पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. म्हणजे तू त्यांना समेच्या एक मात्रा आधी सुट्टी दिलीस आणि काकांना त्या समेला एकटं पोचवलंस. काका जे म्हणाले ना, सम यायच्या आधी घरी जातात, ते अक्षरशः खरं होतं. रेघेच्या पलीकडे आणखी एक बार लिही, त्यात पहिल्या मात्रेवर एक स्वर आणि पुढे सगळं रिकामं. त्या स्वराच्या डोक्यावर × काढ. हे चिन्ह भातखंड्यांच्या स्वरलिपीतलं, समेला × आणि खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेला, ०. वाळकेश्वरला जन्मलेला, वकिली केलेला माणूस, आपल्या मुंबईचाच, त्याची खूण त्या कागदावर बीथोवेनवाल्या लोकांसमोर आली तर बिघडलं कुठे? क्वार्टेटला एकदा टाळी-खाली हाताने करायला लाव, पाच मिनिटं, वाद्य खाली ठेवून. माझ्या अनुभवात ही माणसं पहिल्यांदा लाजतात आणि मग सोडत नाहीत.

काकांना स्कोअर वाचता येत नाही म्हणून त्यांना चौकोन आखून, रंग भरून वगैरे कागद देऊ नकोस, आवडत नाही त्यांना ते. तू पत्रात अगदी जाता जाता एक ओळ लिहिलीयेस, की शेवटी गाऊन रेकॉर्ड करून पाठवलं तेव्हा जमलं. आणि पुढच्याच ओळीत भेळ-खिचडीचं रडगाणं. अगं बाई, ती ओळच तर महत्त्वाची होती. सातजणांच्या त्या खोलीत सगळ्यांना एकदम कळलेली भाषा एकच होती आणि ती तुझा गळा होता. आठव्या वर्षापासून ख्याल शिकलीस आणि स्वतःच्या पीसमध्ये स्वतःला कुठेच ठेवलं नाहीस, पियानोमागे तेवढी लपलीस. कोंबडा, मोर, बैल, सगळं आहे तुझ्याकडे. हात नाहीये. पियानोच्या खुर्चीतून उठ आणि एकदाच गा. मोठी बंदिश नको, तान तर अजिबातच नको. सगळे प्राणी एकदा चालून झाले, पखवाज थांबला की नऊ मात्रांचं एक आवर्तन पूर्ण रिकामं सोड आणि त्यात एकच सा लाव, 'आ'कारात, माइकशिवाय. स्टेजची भीती वाटत असेल तर बसल्या जागेवरून, प्रेक्षकांकडे न बघता. भीती वाटणार हे मी धरूनच चालते.

ओडिया मैत्रिणीचा प्रश्न मला चांगला वाटला, चिडू नकोस तिच्यावर. त्यावर वाद घालून उत्तर मिळत नाही. वॉल्टर कॉफमन नावाचा एक चेक ज्यू संगीतकार १९३४ साली युरोपातून मुंबईत आला. आपल्या संगीताच्या रेकॉर्ड ऐकून त्याला आधी काहीएक कळेना. त्याने असा विचार केला की लाखो माणसं ज्यावर जीव टाकतात ते मला कळत नाही म्हणजे खोट माझ्यात असणार, आणि तो राहिला, थोडाथोडका नाही, १२ वर्षं. इथे येऊन त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, रेडिओवर नोकरी केली. आकाशवाणीची ती सकाळची धून, तंबोऱ्यावर व्हायोलिन, शिवरंजनीच्या अंगाची, जी ऐकत आपल्या आज्या चहाचं आधण ठेवायच्या, ती त्याची. व्हायोलिन मेहली मेहतांचं असं सांगतात. ही धून परक्या माणसाची आहे असं तुझ्या घरात कधी कुणाच्या मनात तरी आलं का? आपल्या नाटकवाल्यांनी पायपेटी उचलली तेव्हा पण कुणी विलायतेला विचारायला गेलं नव्हतं, पण त्यांनी ती इतकी वाजवली, इतकी वाजवली की नाट्यपद म्हटलं की तिचाच सूर आठवतो.

तेव्हा त्या मैत्रिणीला रिहर्सलला बोलाव. आणि जमवून चार दिवस काढ, जा ओडिशाला. सीएसएमटीहून कोणार्क एक्सप्रेस थेट भुवनेश्वरला जाते, दीड दिवसाचा प्रवास आहे, डब्यात झोपून स्कोअर दुरुस्त होतो. पुरीजवळ रघुराजपूर नावाचं गाव आहे, घराघरात पट्टचित्र काढणारी माणसं. एखाद्या चित्रकाराच्या ओट्यावर बस आणि नवगुंजर काढताना बघ, तो सुरुवात कुठून करतो ते बघ. चित्र विकत घे, घासाघीस करू नकोस. नाव तिकडे नबगुंजर असं उच्चारतात, निदान तेवढं नीट म्हणायला शिक. हॉलमध्ये पत्रिकेवर सारळा दासांचं नाव पहिल्या ओळीत येऊ दे, तुझं दुसऱ्या. एवढं केल्यावरही मैत्रिणीला नाहीच पटलं तर नाही पटलं, तिचा तो हक्क आहे.

पैशांचं तू काही विचारलं नाहीस, पण जाहिरातीत काम करणाऱ्या मुलीला कळायला हवं: रिहर्सलचे पैसे वेगळे दे. क्वार्टेटवाले रिहर्सलचे घेतातच, आणि काकांना "आपल्या घरचंच काम" म्हणून चहावर भागवलं जातं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यावर लिहायला लागले तर सदर संपेल. सगळ्यांना सारखे. नसतील तर दोन रिहर्सल कमी कर, पण सारखे.

बसायची व्यवस्था पण तूच बघायचीस. चौघं खुर्चीवर आणि काका-दादा जमिनीवर असं झालं की कुणाची नजर कुणाला भेटत नाही, काकांना चेलोवाल्याचे गुडघे दिसतात नुसते. दीड फूट उंचीचा प्लॅटफॉर्म माग, गादी-चादर घरून ने. आणि एसी. मार्चची मुंबई बाहेर घामाने चिकचिकलेली आणि हॉल आत फ्रिज. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्या (आतड्याच्या), त्या हवेबरोबर हलतात, तरफा धातूच्या, त्या वेगळ्या हलतात. एसी निदान दोन तास आधी चालू करायला सांग आणि वाद्यं उघडून हॉलमध्येच ठेव, ग्रीनरूममध्ये नको.

पखवाजाचं तर विसरूच नकोस. डाव्या पुडीवर कणीक लागते, ताजी, आणि एसीच्या झोतात ती वाळते, वाळली की धुमेचा, म्हणजे त्या डाव्या बाजूचा, आवाज बदलतो. म्हणजे १८ मिनिटांत मधे एकदा दादांना ओलं बोट फिरवायला उसंत पाहिजे, ती स्कोअरमध्ये लिही, तुझा तो रिकामा सा तिथेच येईल असं बघ. हॉलवाले आत खायचे पदार्थ आणू देत नाहीत म्हणे. त्यांच्या मॅनेजरला आजच फोन करून सांगून ठेव की एक वाटी गव्हाचं पीठ आणि पाण्याचा तांब्या आत येणार आहे, आणि दादांना विचार की कणीक ते घरून मळून आणणार की तुझ्या आईला सांगायचं.